मेनफ्रेमवरचा बॅच जॉब अबेंड झाला? या चुका टाळा

मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर रात्रीच्या बॅचमधला, म्हणजे एकापाठोपाठ आपोआप चालणाऱ्या कामांमधला, एखादा जॉब अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की अनेकांचा हात आधी पुन्हा सबमिटकडे जातो. डेडलॉकसारखी (दोन जॉब एकमेकांसाठी अडून राहण्यासारखी) क्षणिक अडचण असेल तर दुसऱ्या वेळी जॉब निभावूनही जातो. पण इनपुटमधला खराब डेटा, अपुरी जागा किंवा चुकलेले जेसीएल (जॉबच्या सूचना लिहिण्याची भाषा) यांपैकी काहीच पुन्हा सबमिट केल्याने बदलत नाही. उलट, आउटपुट फाइल मॉड डिस्पोझिशनने, म्हणजे असलेल्या मजकुराच्या शेवटी भर घालण्यासाठी, उघडलेली असेल तर आधी लिहिल्या गेलेल्या नोंदींच्या खाली त्याच नोंदी पुन्हा जोडल्या जातात आणि जॉब शून्य रिटर्न कोडने (‘सर्व ठीक’ असे सांगणाऱ्या आकड्याने) संपल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक हीच आहे.

दुसरी चूक म्हणजे आउटपुट शेवटाकडून वाचणे. एसडीएसएफमध्ये (जॉबचे आउटपुट पाहण्याचे साधन) जॉब उघडल्यावर आधी जेसचा, म्हणजे जॉब चालवणाऱ्या यंत्रणेचा, मेसेज लॉग पाहावा, त्यातली आयईएफ४५०आय ही ओळ शोधावी आणि कोणती स्टेप (जॉबचा टप्पा) कोणत्या कोडने थांबली ते टिपून घ्यावे. कोड एस अक्षराने सुरू होत असेल तर अबेंड सिस्टिमने दिलेला असतो आणि यू असेल तर तो प्रोग्रामने किंवा त्याच्या रनटाइमने दिलेला असतो. कोबोल या भाषेतल्या प्रोग्रामच्या बाबतीत यू४०३८ दिसला की बरेच जण त्याच क्रमांकाचा अर्थ शोधत बसतात. वास्तविक तो केवळ लिफाफा आहे, कारण मूळ तक्रार, उदाहरणार्थ एखादी फाइल उघडता न आल्याची, त्या स्टेपच्या सिसआउटमध्ये (छापील संदेशांच्या आउटपुटमध्ये) आधीच छापलेली असते.

एस०सी७, म्हणजे आकड्याच्या जागी अवैध डेटा, हा सर्वांच्या ओळखीचा कोड, आणि तरीही त्याच्या बाबतीत हमखास प्रोग्रामलाच दोष दिला जातो. पाच अंकी पॅक्ड डेसिमल (एका बाइटमध्ये दोन अंक बसवणारे) फील्ड तीन बाइटचे असते. त्यात +१२३४५ ही संख्या हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) १२ ३४ ५सी अशी दिसते, म्हणजे शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असते आणि ते ए ते एफ यांपैकीच असावे लागते. त्याच जागी कोणी रिकाम्या जागा भरून पाठवल्या तर हेक्समध्ये ४० ४० ४० दिसते, शेवटचे शून्य हे चिन्ह म्हणून वैध ठरत नाही आणि पहिल्याच बेरजेला प्रोग्राम थांबतो. म्हणून डंपमधला (अबेंडच्या वेळच्या मेमरीच्या नोंदीतला) ऑफसेट, म्हणजे प्रोग्राम थांबला ती जागा, घेऊन कंपाइल लिस्टिंगमधली (कंपायलरने छापलेल्या प्रोग्राममधली) ओळ काढावी, त्या ओळीतले फील्ड पाहावे आणि मग इनपुट फाइल हेक्स ऑन करून ते फील्ड प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. लिस्टिंग मात्र चालू असलेल्या लोड मॉड्यूलच्याच (प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रामच्याच) कंपाइलची हवी. जुन्या लिस्टिंगवर ऑफसेट लावल्यास भलतीच ओळ सापडते आणि अर्धा दिवस वाया जातो.

एसबी३७ आला म्हणून रीजन वाढवणारे लोकही कमी नाहीत. रीजन म्हणजे मेमरी आणि बी३७ म्हणजे डिस्कवरची जागा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. साध्या सिक्वेन्शियल फाइलला एका व्हॉल्यूमवर जास्तीत जास्त १६ एक्स्टेंट (सलग जागेचे तुकडे) मिळतात, त्यामुळे प्रायमरी (सुरुवातीची जागा) १० आणि सेकंडरी (नंतर दर वेळी वाढणारी जागा) ५ सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचे एकक) मागितले तर कमाल मर्यादा ८५ सिलिंडरची होते. सेकंडरी मुळात मागितलीच नसेल तर त्याच दुखण्याचे नाव एसडी३७ होते. पण जागा वाढवण्याआधी ब्लॉकसाइझही (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्याचा बाइटमधला आकार) तपासावा. ८० बाइटच्या नोंदी ब्लॉक न करता लिहिल्या तर ३३९० या प्रकारच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर ७८ नोंदी मावतात. त्याच नोंदींना २७९२०चा ब्लॉक दिला तर ६९८ मावतात. ब्लॉकसाइझ शून्य दिल्यास योग्य आकार सिस्टिम स्वतःच ठरवते.

स्टेप कधी वगळायची हे सांगणारा जेसीएलमधला कॉन्ड पॅरामीटर उलट वाचला जातो, याचे कारण तो उलटच लिहिलेला आहे. कंसात ४ आणि एलटी (लेस दॅन, म्हणजे ‘पेक्षा लहान’) असेल तर त्याचा अर्थ ‘४ हा आधीच्या स्टेपच्या रिटर्न कोडपेक्षा लहान असेल तर ही स्टेप वगळा’ असा होतो. म्हणजे आधीचा कोड ८ आल्यास स्टेप वगळली जाते आणि ४ आल्यास चालते. नव्या जेसीएलमध्ये इफ आणि देन लिहावे, पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात.

बाकीच्या चुका लवकर सांगता येतात. एस८०६ म्हणजे मॉड्यूल सापडले नाही. स्टेपला स्टेपलिब (त्या स्टेपची प्रोग्राम लायब्ररी) दिलेली असेल तर त्या स्टेपपुरती जॉबलिब (पूर्ण जॉबची लायब्ररी) पाहिलीच जात नाही, हे इथे विसरले जाते. एस९१३, म्हणजे फाइल वापरण्याचा अधिकार नाकारला, आल्यास सरसकट सर्वोच्च अधिकार मागू नयेत; रॅकफ या सुरक्षा प्रणालीच्या आयसीएच४०८आय मेसेजमध्ये कोणता अधिकार हवा होता आणि कोणता आहे, हे दोन्ही लिहिलेले असते. एस३२२ला, म्हणजे सीपीयूची वेळमर्यादा ओलांडल्यास, जेसीएलमध्ये टाइम १४४० देऊन मर्यादाच काढून टाकली, तर लूपमध्ये अडकलेला प्रोग्राम सीपीयू खातच राहतो.

कारण सापडून दुरुस्ती झाली की प्रश्न उरतो तो रीस्टार्ट कुठून करायचा याचा, आणि तिथे जीडीजी, म्हणजे एकाच बेस नावाखाली दर वेळी नवी प्रत (जनरेशन) ठेवणारा फाइलसमूह, अडचणीत आणते. त्यात (०) म्हणजे सध्याची ताजी जनरेशन आणि (+१) म्हणजे पुढची नवी. पहिल्या स्टेपने (+१) जनरेशन तयार करून कॅटलॉग केली (सिस्टिमच्या फाइलसूचीत नोंदवली) आणि जॉब तिसऱ्या स्टेपला थांबला, तर आता तीच जनरेशन (०) झालेली असते. तिसऱ्या स्टेपपासून रीस्टार्ट करताना तिथला (+१) तसाच ठेवला तर अस्तित्वात नसलेली फाइल शोधली जाते. जॉब पहिल्यापासून चालवला तर एक जनरेशन जादा तयार होते, आणि पुढचा एखादा जॉब क्रमांक न देता नुसत्या बेस नावाने वाचत असेल तर तो दोन्ही जनरेशन एकापाठोपाठ वाचून तोच व्यवहार दोनदा मोजतो. म्हणून रीस्टार्टपूर्वी कॅटलॉगची यादी काढावी आणि मधूनच सुरू करायचे असेल तर जेसीएलमधले आकडे बदलावेत. पहिल्यापासून चालवायचे असेल तर ती अर्धवट जनरेशन आधी काढून टाकावी.