वाट फोला निघण्याआधी

जय भीम. बँकॉकच्या वाट फो या बुद्धविहाराला आपण जाणार, त्यासाठी सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं झाली, मुंबईहून बँकॉकचं विमानही ठरलं. आता रोज कुणी ना कुणी विचारतं, ताई, काय काय घ्यायचं? म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी तोंडपाठ करायचं ते त्रिशरण आणि पंचशील. पुस्तकात बघून म्हणणाऱ्यांनी आता पुस्तक मिटून सवय करावी. मागच्या खेपेला आई माझ्याबरोबर होती. तिला थाई येत नाही, इंग्रजी नाही, हिंदीही जेमतेम. वाट फोच्या उपोसथागारात, म्हणजे मुख्य वंदनागृहात, गुडघे मुडपून बसली आणि हळू आवाजात ‘नमो तस्स भगवतो’ म्हणू लागली. शेजारच्या थाई आजींनी वळून बघितलं, हात जोडले आणि पुढचे शब्द तिच्याबरोबर म्हटले. त्यांच्या तोंडी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे ‘फुत्थांग सरणांग खच्छामि’ असं येतं. पाली तीच, फक्त त्यांच्या भाषेच्या वळणाने ब चा फ होतो आणि ग चा ख. पहिल्यांदा कानाला परकं वाटतं, म्हणून थाई वंदना यूट्यूबवर दोन-चार वेळा ऐकून ठेवा. सोलापूरच्या बुधवार पेठेत लहानपणी शिकलेले शब्द इतक्या लांब कुणाच्या तरी ओठांवर ऐकले की काय होतं, ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच अनुभवा.

मुलांना नावांचा अर्थ निघण्याआधी सांगा. ‘वाट’ म्हणजे तिकडे विहार. ‘फो’ आलं बोधीवरून, कारण या विहाराचं जुनं नाव फोथाराम. आजच्या अधिकृत नावात ‘चेतुफोन’ येतं, ते म्हणजे आपलं जेतवन, अनाथपिंडिक या व्यापाऱ्याने श्रावस्तीत बुद्धांना दान दिलेलं. बँकॉक 1782 मध्ये राजधानी झाली, त्यानंतर पहिल्या रामाने (तिथल्या राजांना राम म्हणतात) हा विहार नव्याने उभारला. आत पहुडलेली बुद्धमूर्ती तिसऱ्या रामाच्या काळातली, 1832 ची. लांबी 46 मीटर, उंची 15 मीटर, विटांवर गिलावा आणि वर सोन्याचा वर्ख. बहुतेक लोक चेहऱ्याचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तुम्ही तळपायांपाशी थांबा. तिथे शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेली 108 मंगलचिन्हं आहेत. मूर्तीच्या पाठीमागे 108 काशाची भांडी ओळीने ठेवलेली आहेत, त्यांत एकेक नाणं टाकत जायचं असतं. सुटी नाणी तिथेच मिळतात. पण मुलांना आधी सांगा की तो खेळ नाही, दान आहे.

जीवकाची आठवणही सोबत न्या. बुद्धांचा वैद्य जीवक कोमारभच्च याला थाई लोक आपल्या वैद्यकाचा आद्यगुरू मानतात आणि हा विहार म्हणजे त्या विद्येची शाळाच आहे. भिंतींवरच्या संगमरवरी शिलालेखांत औषधं, नाड्या, मालिश सगळं कोरून ठेवलंय. तिसऱ्या रामाने हे सर्वांना वाचता यावं म्हणून केलं, हे मला फार मोठं वाटतं. युनेस्कोने 2011 मध्ये या शिलालेखांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. अंगणात हातपाय ताणून बसलेले दगडी पुतळे दिसतील. त्यांना ‘रुसी’ म्हणतात, म्हणजे ऋषीच. सांधे दुखणाऱ्या मावशींनी ते नीट बघावेत.

कपडे. पांढरी साडी चालते, उत्तमच. पण बिनबाह्यांचा ब्लाउज नको. पुरुषांनी पूर्ण पँट, मुलांनाही गुडघ्यापर्यंतची चड्डी नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तिकडचा उकाडा दमट असतो, सोलापूरच्या मे महिन्यासारखा कोरडा नाही, तेव्हा सुती कापडच घ्या. लेसचे बूट आणू नका, दारोदार काढावे लागतात. चपला हातात घेऊन आत फिरायचं असतं, म्हणून प्रत्येकाने एक कापडी पिशवी ठेवावी.

बसताना पाय मूर्तीकडे होता कामा नयेत. गुडघे मुडपून, पाय मागे किंवा बाजूला घ्यायचे. कुणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही, अगदी लहान मुलाच्याही. आपल्याकडे मायेने फिरवतो तसा हात तिथे फिरवू नका. भन्तेंना, म्हणजे भिक्खूंना, दान द्यायचं असेल तर बायकांनी थेट हातात देऊ नये. ते समोर वस्त्र पसरतात, त्यावर ठेवावं. जेवण त्यांना दुपारी बारानंतर चालत नाही, म्हणून भोजनदान सकाळीच. दानासाठी चादर फार जड होते, त्यापेक्षा सोलापुरी टॉवेलची जोडी न्या.

खाण्याचं विचारलंत. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी न्या, चटणी मोठ्या बॅगेत ठेवा. विहारात मात्र डबा उघडायचा नाही.

कागदपत्रं: पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. थायलंडचा डिजिटल आगमन अर्ज पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यांच्या दूतावासाच्या साइटवर बघूनच निघा. घड्याळ दीड तास पुढे. पावतीवर 2569 असं साल दिसलं तर गोंधळू नका. ते बुद्धवर्ष आहे, 2026 मध्ये 543 मिळवून येतं. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची 2500 वर्षं आपण 1956 ला साजरी केली, त्यांनी 1957 ला; दोन्हीकडच्या मोजणीत एका वर्षाचा फरक आहे.

मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरलात की विहार चालत पाच-सात मिनिटांवर. फाटक सकाळी आठला उघडतं, तेव्हाच पोहोचू. रस्त्यात कुणी नीटनेटका माणूस ‘आज विहार बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर ऐकू नका. तो रिक्षात बसवून दागिन्यांच्या दुकानात नेतो. स्वतः फाटकापर्यंत जाऊनच खात्री करा.

येताना बुद्धमूर्ती आणायची असेल तर आधी मला विचारा. तिथल्या ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. मूर्ती घ्यायचीच असेल तर परवाना काढून देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

येत्या पौर्णिमेला संध्याकाळी सगळे आपल्या इथल्या विहारात या. पुस्तक न उघडता वंदना म्हणून बघू. चपलांच्या पिशव्याही मी तेव्हाच वाटते, शिवून तयार आहेत.