ओटावाच्या धोरणावर मत मांडायचंय? कुठे, कधी आणि कसं

कॅनडातल्या मराठी मंडळींकडे फेडरल, म्हणजे ओटावातल्या केंद्र सरकारबद्दल मतं भरपूर असतात. इमिग्रेशनचे आकडे, आईवडिलांचा व्हिसा, घरांच्या किमती, कर, एक ना दोन. त्यातलं फारच थोडं सरकारदरबारी नोंदलं जातं. एक तर ते भलत्याच कार्यालयात जातं, नाही तर निर्णय होऊन गेल्यावर जातं. आणि वेळेत योग्य जागी पोहोचलं तरी बऱ्याचदा त्यात नेमकी मागणीच नसते. मतदान फक्त नागरिकांना करता येतं हे खरं, पण इथे दिलेले मार्ग पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) असलेल्यांना, आणि बहुतेक मार्ग वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर राहणाऱ्यांनाही खुले आहेत. हा हक्क वापरला जात नाही, याची खंत वाटते.

आधी ठरवा: हा विषय ओटावाचा आहे का?

१८६७ च्या संविधान कायद्याच्या कलम ९१ मध्ये फेडरल सरकारचे विषय आहेत, ९२ मध्ये प्रांतांचे. फौजदारी कायदा, बँका, टपाल, पासपोर्ट, रोजगार विमा, नागरिकत्व हे ओटावाचं काम. शाळा, रुग्णालयांचा कारभार, भाडेकरूंचे हक्क ही कामं प्रांतांची. महापालिकाही प्रांताच्याच अखत्यारीत येतात. इमिग्रेशन कलम ९५ खाली दोघांकडे आहे, मात्र मतभेद झाला तर फेडरल कायदा वरचढ ठरतो.

आपल्या लोकांची सर्वात जास्त गल्लत होते ती परदेशी पदव्यांच्या बाबतीत. भारतातून आलेल्या डॉक्टरला, नर्सला किंवा इंजिनिअरला परवाना देणारी संस्था प्रांताच्या कायद्याने चालते. त्याबद्दल फेडरल खासदाराला कितीही कळकळीने लिहिलं, तरी त्याच्या हातात फारसं नसतं. ते पत्र प्रांतिक आमदाराकडे आणि त्या परवाना संस्थेकडे जायला हवं. घरांचंही तसंच. कुठल्या भूखंडावर किती मजले चढवायचे हे शहर आणि प्रांत ठरवतात. ओटावाच्या हातात पैसा, जीएसटी आणि गृहकर्जाच्या विम्याचे नियम असतात. म्हणून घरांवर लिहिताना यातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवा.

मग बघा: कायदा, नियम, की मंत्र्यांची सूचना?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळी मेहनत इथेच वाया जाते. तीन प्रकारच्या निर्णयांचे रस्ते वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

कायदा बदलायचा तर विधेयक लागतं. हाउस ऑफ कॉमन्स या खालच्या सभागृहात मांडलेल्या विधेयकाच्या क्रमांकाआधी ‘सी’ असतं, सिनेट या वरच्या सभागृहातल्याच्या आधी ‘एस’. सी-२ ते सी-२०० सरकारी आणि सी-२०१ पासून पुढची खासदारांची खासगी. संसदेच्या लेजिसइन्फो या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयक कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. पहिलं वाचन म्हणजे नुसतं मांडणं. दुसऱ्या वाचनात विधेयकाच्या मूळ तत्त्वावर मतदान होतं, म्हणून ‘हे विधेयकच नको’ असं म्हणायचं असेल तर ते या मतदानाआधी म्हणा. त्यानंतर ते समितीकडे जातं आणि तिथे फक्त तत्त्वाच्या चौकटीत बसणाऱ्या दुरुस्त्या चालतात. दुसरं वाचन झाल्यावर समितीला ‘सगळंच रद्द करा’ असं लिहिलं तर सदस्यांना त्याचं काही करता येत नाही. तेव्हा ‘अमुक कलमात अमुक शब्द बदला’ हीच मागणी उपयोगाची.

अधिवेशन संपवलं किंवा संसद विसर्जित झाली की मंजूर न झालेली सरकारी विधेयकं बाद होतात. वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दलचं सी-७१ हे विधेयक ६ जानेवारी २०२५ ला अधिवेशन संपवल्यावर असंच संपलं. तोच विषय निवडणुकीनंतर सी-३ या नव्या क्रमांकाने आला. आधीच्या विधेयकावर पाठवलेली निवेदनं नव्या विधेयकाबरोबर आपोआप पुढे जात नाहीत. ती पुन्हा पाठवावी लागतात.

नियमांचा मार्ग वेगळा. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकार स्वतः करतं त्या नियमांचा मसुदा कॅनडा गॅझेट या सरकारी राजपत्राच्या भाग एकमध्ये छापतात. तो दर शनिवारी निघतो. मत मांडायला साधारण ३० दिवस मिळतात, आंतरराष्ट्रीय व्यापारावर परिणाम होणार असेल तर त्याहून बरेच जास्त. मसुद्यासोबत परिणामांचं विश्लेषण जोडलेलं असतं: प्रश्न काय, खर्च कोणावर, फायदा कोणाला, कोणाशी चर्चा झाली. आधी ते वाचा आणि त्यातल्या एखाद्या गृहीतकावर नेमकं बोला. ‘तुम्ही खर्च इतका धरला आहे, पण अमुक गोष्ट मोजलेली नाही’ अशा हरकतीचा अधिकाऱ्यांना विचार करावा लागतो, कारण अंतिम नियम भाग दोनमध्ये छापताना आलेल्या मतांचं काय केलं तेही लिहायचं असतं. नुसत्या संतापाच्या वाट्याला ‘काही जणांनी विरोध केला’ एवढी एक ओळ येते.

तिसरा प्रकार म्हणजे मंत्र्यांच्या सूचना आणि वार्षिक उद्दिष्टं. आपल्या लोकांच्या आयुष्यावर सर्वाधिक परिणाम याच निर्णयांचा होतो. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांना गुणांवर पीआरसाठी निवडणाऱ्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून गेले ते अशाच सूचनेने. २०२५ साठी ५,००,००० नव्या पीआरचं जाहीर झालेलं उद्दिष्ट ऑक्टोबर २०२४ च्या योजनेत ३,९५,००० वर आलं, त्यासाठीही विधेयक लागलं नाही. आईवडील-आजीआजोबा योजनेत २०२० साली भरलेल्या अर्जांच्या यादीतूनच २०२५ पर्यंत लोकांना बोलावलं गेलं, तोही धोरणाचाच निर्णय. अशा वेळी विधेयकाची किंवा गॅझेटची वाट पाहत बसाल तर संधी हुकते. इमिग्रेशनचे वार्षिक आकडे साधारण १ नोव्हेंबरच्या सुमारास संसदेपुढे येतात, तेव्हा त्यावरचं मत उन्हाळ्यातच पोहोचायला हवं. खातं त्याआधी जनतेचं मत मागवतं तेव्हा प्रश्नावली भराच, आणि त्याच आठवड्यात मंत्री आणि तुमचे खासदार दोघांना पत्र पाठवा. नोव्हेंबरमध्ये आकडे ऐकून लिहिलेलं पत्र त्या वर्षापुरतं उशिराचं असतं.

खासदाराला पत्र

तुमचा खासदार कोण हे हाउस ऑफ कॉमन्सच्या संकेतस्थळावर पोस्टल कोड टाकून कळतं. २०२५ च्या निवडणुकीपासून मतदारसंघ ३३८ वरून ३४३ झाले आणि बऱ्याच सीमा सरकल्या, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

ओटावाला टपालाने पाठवायचं तर तिकीट लागत नाही. पत्ता: हाउस ऑफ कॉमन्स, ओटावा, ओंटारियो, के१ए ०ए६ (लिफाफ्यावर अर्थात इंग्रजी अक्षरांत). ही सवलत या पत्त्यासाठी आहे, मतदारसंघातल्या कार्यालयासाठी नाही. ईमेल चालतोच, पण त्यातही घरचा पत्ता आणि पोस्टल कोड लिहा. पत्ता नसेल तर तुम्ही त्यांचे मतदार किंवा रहिवासी आहात हे कार्यालयाला कळत नाही आणि पत्र मागे पडतं.

पत्र एका पानाचं, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. पहिल्या वाक्यात विषय आणि मागणी: कुठलं विधेयक किंवा धोरण, आणि खासदाराने काय करावं. विरोधात मत द्यावं, समितीत दुरुस्ती मांडावी, की मंत्र्यांना लेखी विचारावं? दुसऱ्या परिच्छेदात कारण, आणि तुमच्या घरावर किंवा धंद्यावर झालेला एखादा मोजता येणारा परिणाम: किती महिने, किती डॉलर. शेवटी लेखी उत्तराची विनंती. एका पत्रात एकच विषय ठेवा. कर, व्हिसा आणि परराष्ट्र धोरण एकाच पत्रात कोंबलं की ते कोणाकडे द्यायचं हेच कार्यालयाला कळत नाही.

सर्वात घातक चूक म्हणजे स्वतःची अडकलेली फाइल आणि धोरणावरचं मत एकत्र लिहिणं. कार्यालयात वैयक्तिक प्रकरणं एक माणूस पाहतो, धोरण दुसरा. ‘माझ्या बायकोचा अर्ज दोन वर्षं रखडला आहे’ असं वाचलं की पत्र प्रकरण म्हणून बाजूला जातं, संमतीपत्रावर सही मागितली जाते आणि तुमचं मत तिथेच राहतं. दोन स्वतंत्र पत्रं लिहा. फाइलचं मतदारसंघातल्या कार्यालयाला, धोरणाचं ओटावाला.

कॅनडात पक्षशिस्त कडक आहे. सरकारी पक्षाचा खासदार सरकारी विधेयकाविरुद्ध क्वचितच मत देतो. म्हणून त्याच्याकडे ‘विरोधात मत द्या’ असा आग्रह धरण्यापेक्षा ‘पक्षाच्या बैठकीत हा मुद्दा काढा आणि मंत्र्यांना कळवा’ असं मागणं जास्त पदरात पडतं. खासगी विधेयकांवर खासदारांना थोडी मोकळीक असते, तिथे मताची थेट मागणी करा. प्रत्यक्ष भेट हवी असेल तर सभागृहाचं वेळापत्रक पाहून खासदार मतदारसंघात असतात तो आठवडा निवडा. भेटीला तीन-चार जण पुरे, आणि बोलणारा एक.

याचिका: कागदावर की ऑनलाइन

खासगी संकेतस्थळांवरच्या सह्यांची मोहीम संसदेच्या नियमांत बसत नाही. तिथे लाखभर सह्या झाल्या तरी सरकारवर उत्तराचं बंधन येत नाही. हाउस ऑफ कॉमन्सच्या याचिकेचं तसं नाही. ती सभागृहात मांडली की सरकारला ४५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

ई-याचिकेचा मजकूर २५० शब्दांपर्यंत. आधी किमान ५ समर्थक आणि एक खासदार लागतो. खासदाराने परवानगी दिली म्हणजे तो सहमत आहे असं नाही, आणि एकाने नकार दिला तर दुसऱ्याला विचारता येतं. मग ३०, ६०, ९० किंवा १२० दिवसांची मुदत निवडायची आणि त्यात किमान ५०० वैध सह्या मिळवायच्या. सह्या गळतात त्या एका कारणाने: नाव भरल्यावर येणाऱ्या ईमेलमधली लिंक लोक दाबत नाहीत, आणि ती दाबल्याशिवाय सही धरली जात नाही. मोहीम चालवणाऱ्याने प्रत्येक संदेशात हे ठळक लिहावं.

कागदी याचिकेला फक्त २५ वैध सह्या लागतात, आणि मराठी मंडळांसाठी हाच मार्ग अधिक सोपा. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एका टेबलावर हे काम होतं. मात्र ४० तरी सह्या घ्या, कारण काही बाद होतात. सही हाताने केलेली आणि मूळ प्रतीवर हवी, झेरॉक्स चालत नाही. सही करणारा कॅनडाचा नागरिक किंवा इथला रहिवासी हवा, वयाची अट नाही. केवळ भेटीला आलेल्या पाहुण्यांकडून सही घेऊ नका. छापलेल्या मजकुरात पेनने खाडाखोड केली तर याचिका बाद होऊ शकते. सह्या गोळा करण्याआधीच मजकूर खासदाराच्या कार्यालयाकडून किंवा याचिकांच्या क्लार्ककडून तपासून घ्या, म्हणजे नंतर सगळं परत करायची वेळ येत नाही.

मजकुरात ‘आम्ही अमुक करण्याची मागणी करतो’ असं वाक्य लागतंच. नुसती तक्रार लिहिली तर ती याचिका होत नाही. आणि अपेक्षा वास्तव ठेवा. २०२० मध्ये बंदुकांवरच्या बंदीविरुद्धच्या एका ई-याचिकेवर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या, तरी बंदी उठली नाही. याचिकेतून सरकारची लेखी भूमिका हाती येते, आणि तिचा उपयोग पुढे होतो. निवडणूक जाहीर झाली की चालू ई-याचिका बंद पडतात, हेही लक्षात घेऊन मुदत निवडा.

समितीला निवेदन

आमच्या मते एकट्या माणसाच्या किंवा छोट्या संस्थेच्या हातातलं हे सर्वात प्रभावी आणि सर्वात कमी वापरलं जाणारं साधन आहे. समिती विधेयक किंवा विषय हाती घेते तेव्हा तिच्या पानावर निवेदनांची सूचना येते. निवेदन समितीच्या क्लार्कला ईमेलने जातं. लांबी आणि तारीख सूचनेतच असते. साधारण १० पानांच्या आत राहा, अर्थसंकल्पाआधीच्या निवेदनांना वित्त समिती २,००० शब्दांची मर्यादा घालते. शिफारशी पहिल्या पानावर, क्रमांक देऊन. तीनपेक्षा जास्त नकोत.

तारखेच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. निवेदन सदस्यांना वाटण्याआधी त्याचं दुसऱ्या अधिकृत भाषेत भाषांतर होतं, आणि त्याला वेळ लागतो. दुरुस्त्यांचा मसुदा कलमवार चर्चेच्या आधीच तयार होतो. त्यानंतर पोहोचलेलं निवेदन दप्तरी जमा होतं, इतकंच. विधेयकावर लिहिताना कलमाचा क्रमांक, आजचा शब्दप्रयोग आणि तुम्ही सुचवलेला शब्दप्रयोग एकाखाली एक लिहा, म्हणजे कोणाही सदस्याला तो उचलून मांडता येतो. निवेदन सार्वजनिक होतं. त्यात पासपोर्ट क्रमांक, अर्जाचा क्रमांक, मुलांची नावं टाकू नका. पगारी कर्मचारी असलेल्या संस्थेने मंत्र्यांना किंवा अधिकाऱ्यांना भेटण्याआधी लॉबिंग कायद्याखाली नोंदणी लागते का ते पाहावं. स्वतःच्या वेळेत, बिनपगारी काम करणाऱ्यांना ती लागत नाही.

उत्तर आल्यावर

खात्याचं उत्तर बहुधा गुळमुळीत असतं, आणि लोक तिथेच सोडून देतात. ते पेन घेऊन वाचा. ‘सरकार प्रक्रियेचा कालावधी कमी करण्यास कटिबद्ध आहे’ असं लिहिलं असेल, पण आकडा नसेल, तर तुमचा पुढचा प्रश्न तयार झाला. आकडा मिळवायचे दोन मार्ग. पहिला माहिती अधिकाराचा. शुल्क ५ डॉलर, कायद्याने मुदत ३० दिवस, पण ती बऱ्याचदा वाढवली जाते. कॅनडात उपस्थित असलेला कोणीही अर्ज करू शकतो. त्याआधी पूर्ण झालेल्या अर्जांची यादी चाळा, कारण तीच कागदपत्रं दुसऱ्या कोणाला दिली गेली असतील तर ती फुकट मागता येतात. दुसरा मार्ग खासदाराचा. प्रत्येक खासदाराला एका वेळी चार लेखी प्रश्न लावता येतात आणि ४५ दिवसांत उत्तर मागता येतं. विरोधी पक्षाचे खासदार चांगल्या प्रश्नाच्या शोधात असतात. त्यांना प्रश्न तयार करूनच द्या: कुठल्या योजनेचा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती अर्ज आले, किती नाकारले, प्रांतवार विभागणी. ‘अंदाजे’, ‘साधारण’ असे शब्द त्यात ठेवू नका, नाही तर उत्तरही तितकंच सैल येतं.