रस्त्याकडेच्या झाडांबाबत या चुका टाळा

एप्रिलमध्ये भर दुपारी गाडी लावायला कडुनिंबाची सावली शोधणारी माणसेच पावसाळ्याच्या तोंडावर त्या कडुनिंबाच्या बुंध्याशी सिमेंट ओतून घेतात, हे मी पुण्यात इतक्या वेळा पाहिले आहे की आता आश्चर्य वाटत नाही, फक्त वैताग येतो. झाड गल्ली थंड ठेवते ते दोन प्रकारे. डांबर आणि भिंती तापण्याआधीच ते ऊन अडवते, आणि मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे वाफ करून सोडताना आसपासच्या हवेतली उष्णता घेते. यातले दुसरे काम मुळांना पाणी मिळाले तरच होते, आणि नेमके तेच आपण हौसेने बंद करतो.

आमच्या गल्लीत पंचविशीचा एक करंज होता. चिखल होतो म्हणून रहिवाशांनीच तक्रार केली आणि ठेकेदाराच्या माणसांनी एका दिवसात खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले. सगळे खूश झाले. दुसऱ्या वर्षी पालवी विरळ आली, तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या, आणि वळवाच्या एका पावसात तो करंज दोन स्कूटरवर आडवा झाला. ‘म्हातारा झाला होता’ असे सर्वानुमते ठरले. पंचवीस वर्षांचा करंज म्हातारा नसतो. खड्ड्यात उतरून पाहिले तर ब्लॉकखाली रोलरने दाबलेला कोरडा मुरूम होता, त्यात खोऱ्याचे पाते शिरेना, आणि त्या बाजूची मुळे हातभर अंतरावर काळी पडून संपली होती. मुळांना हवाही लागते आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, याचा विचार फरशी बसवताना कोणी करत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मीही तेवढेच मागतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देतो, पोच घेतो आणि ब्लॉक निघेपर्यंत दर सोमवारी जाऊन उभा राहतो. मग आळे रस्त्यापेक्षा चार बोटे खोल ठेवतो, म्हणजे पावसाचे पाणी गटाराऐवजी आत वळते, आणि झाडाचाच पाचोळा त्यात पसरतो. पार बांधून खोडाभोवती मातीचा ढीग करणे ही मात्र त्याच चुकीची सुशोभित आवृत्ती आहे, कारण गाडली गेलेली साल कुजते.

दुसरी चूक मे महिन्यातली. पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून झाडाचा शेंडाच उडवला जातो आणि ऐन उन्हाळ्यात गल्ली उघडी पडते. त्या थोटकांवर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, त्यामुळे पुढच्या वादळात तेच आधी मोडतात, म्हणजे ज्या भीतीने छाटले तीच भीती वाढवून ठेवली जाते. वाळलेली किंवा तारांना लागणारी फांदी तिच्या उगमापाशी कापावी, बाकी झाडाला हात लावू नये. महाराष्ट्रात 1975 च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार शहरातले झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. ‘छाटणीच तर करतोय’ म्हणून अर्धे झाड उतरवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

घाई झालेले नवखे लोक लवकर वाढणारे झाड मागतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर फुललेला सुंदर दिसतो यात शंका नाही, पण उन्हाळा तापतो तेव्हा त्यावर पाने जेमतेम असतात आणि फांद्या ठिसूळ. कोनोकार्पस हे परदेशी झाड तर गुजरातने 2023 मध्ये लावायलाच बंदी घातली. करंज आणि कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळून लगेच नवी धरतात, म्हणजे सावली लागते तेव्हा ती असते. रुंद रस्ता असेल तर मी हेच लावतो आणि डोक्यावर विजेच्या तारा असतील तर बहावा किंवा ताम्हण.

5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनी, पावसाचा पत्ता नसताना, फोटोपुरते वीतभर रोप लावू नये. मी दोन चांगले पाऊस झाल्यावर सहा फुटी रोप लावतो, बांबूला सैल बांधतो आणि तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या पाणी घालतो. रोज तांब्याभर पाणी घातल्याने मुळे वरच राहतात.

पाट्यांसाठी खोडात खिळे ठोकू नयेत. दिवाळीची रोषणाई दिवाळी संपली की उतरवावी.

लोखंडी पिंजरा मात्र सगळेच विसरतात. खोड जाड होत जाते, कडे सालीत रुतते आणि सालीखालून मुळांकडे जाणारे अन्न अडते. रोपाला राखण म्हणून बसवलेल्या पिंजऱ्यानेच गळा आवळलेली चार झाडे माझ्या फिरण्याच्या रस्त्यावर आहेत. दोघांची कडी मी कापली, उरलेल्या दोघांसाठी मोठी कातर मागवली आहे.