"आपला आवा नदीला गेला": पेठेतल्या घराण्याचा बुडालेला धंदा शोधायचाय? मग हे वाचा

पुण्यात कुठल्याही जुन्या घरात विचारा, कागदपत्रं कुठेत, फोटो कुठेत, पणजोबा काय करायचे, उत्तर ठरलेलं: "सगळं पुरात गेलं". आमच्याकडेही तेच. आईचं माहेर कुंभारवाड्यातलं, कसबा पेठ, नदीच्या अगदी अंगाला, आणि आजी मरेपर्यंत एकच वाक्य म्हणायची की आपला आवा (मडकी भाजायची भट्टी) नदीला गेला. आम्ही समजलो १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्यात गेला. विषय संपला. इथेच माझी दहाएक वर्षं वाया गेली, म्हणून पहिलं सांगणं हे की "पुरात गेलं" हे ऐकलं की थांबायचं नाही, नेमकं काय गेलं ते विचारायचं. घर की धंदा की नुसते कागद? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वेळा तिन्ही एका दिवशी गेलेल्या नसतात.

सुरुवात घरातून करा, पण प्रश्न विचारून नाही, वस्तू दाखवून. म्हाताऱ्या माणसाला "तुमचे वडील काय करायचे" विचारलं की "काय करणार, गरिबी होती" एवढंच येतं. त्यापेक्षा रांजणाचा, बंबाचा, घंगाळाचा, रोवळीचा फोटो दाखवा नाहीतर बाजीराव रोडला केळकर संग्रहालयात घेऊन जा (लिफ्ट, जिन्याचं आधी फोन करून विचारा), तिथे रोजच्या वापरातली भांडी, दिवे, अडकित्ते एवढे आहेत की माणूस आपोआप बोलायला लागतो. माझ्या मामाआजोबांनी एका डेऱ्याकडे बघून मातीत घोड्याची लीद किती घालायची इथपासून चिखल कोण तुडवायचं इथपर्यंत अर्धा तास सांगितलं, त्याआधी दोन वर्षं ते "मला काय आठवत नाही" म्हणत होते. फोनवर रेकॉर्ड करा, विचारून करा.

मग माळ्यावरची भांडी उतरवा. हे कोणी सांगत नाही पण पितळेच्या भांड्यावर घातलेली नावं म्हणजे वंशावळ आहे हो. कोणी कोणाला लग्नात दिलं, कोणाच्या स्मरणार्थ, तारीख, कधीकधी गाव. आमच्या एका तपेल्यावर आजीच्या मावशीचं नाव आणि १९४८ साल निघालं, त्या मावशीचं नाव घरात कोणाला माहीतच नव्हतं. चिंचेने घासून उजेडात तिरकं धरून फोटो काढा, मोडीत विकण्याआधी तर नक्कीच. लग्नपत्रिका पण टाकू नका, त्यात पत्ता आणि निमंत्रकांची रांगच असते.

आता कागद. सगळ्यात मोठं घबाड कुठे असेल तर नातेवाइकांपैकी कोणाच्यातरी जात पडताळणीच्या फाइलमध्ये. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, त्यामुळे कोणत्यातरी चुलतभावाने इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी नाहीतर नगरसेवकाच्या तिकिटासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, खरेदीखत, जन्मनोंद सगळं आधीच शोधून झेरॉक्स मारून ठेवलेलं असतं. त्याला एक चहा पाजा आणि फाइल मागा. तुम्ही तीन महिने जे शोधणार ते दुपारी मिळतं. फक्त आडनावावर जाऊ नका, कुंभाराचं आडनाव कुंभार असेलच असं नाही, आणि तांबट म्हणवणाऱ्या घरात कोणीतरी नुसती कल्हई करत फिरत असेल, हे पण निघतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यानंतर महापालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. महापालिका १९५० ची पण नोंदी त्याआधीच्या नगरपालिकेच्याही असतात. दाखला हातात येतो तो छापील, कोरडा, त्यात आपल्याला हवं ते नसतं. मूळ रजिस्टरचा उतारा मागा, त्यात बापाचा धंदा लिहिलेला असू शकतो. मला एका खिडकीवर चार वेळा "उद्या या" ऐकावं लागलं, पाचव्यांदा साल, पेठ आणि अंदाजे महिना कागदावर लिहून नेला तर वीस मिनिटांत काम झालं, म्हणजे तयारी आपलीच कमी होती असं म्हणायला हरकत नाही (पण चार वेळा?). थोरल्या मामाची नोंद मिळाली, १९५३ ची. बापाचा धंदा: गिरणी कामगार.

गिरणी. पुराच्या आठ वर्षं आधी. मग आवा नदीला गेला कसा?

तेव्हा कळलं की पत्ता धरून पुढे जायला हवं. जुन्या पेठेत पत्ता म्हणजेच धंदा, तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, नावातच सगळं आहे. सिटी सर्व्हे ऑफिसमधून त्या घराची मिळकत पत्रिका काढा, त्यात मालक कधी बदलला ते दिसतं, आणि सरकारच्या आपले अभिलेख साइटवर जुने स्कॅन केलेले उतारे पण शोधून बघा. भाडेकरू असाल (बहुतेक कारागीर होते) तर मालकाचं नाव मिळेल, तेही चालतं, मालकाच्या वारसांकडे भाड्याच्या पावत्या, वहिवाटीचे वाद, कोर्टाचे कागद असतात. भांडण झालेलं असेल तर नशीबवान समजा, भांडणाइतके कागद दुसरं काही मागे ठेवत नाही.

धंदा कधी आणि का बसला हे कळायला मात्र घरच्या कागदांबाहेर जावं लागतं. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेलं जिल्ह्याचं माहितीपुस्तक, तीन भागात, इंग्रजीत, नेटवर फुकट आहे. त्यात तांब्या-पितळेचं काम, रेशीम, हस्तिदंती फण्या, मातीच्या मूर्ती, कागदीपुऱ्यातला हातकागद असं सगळं आहे. साहेबाने जातींबद्दल जे लिहिलंय ते चिमटीत धरून वाचा, पण हत्यारं, कच्चा माल, बाजार हा भाग उत्तम. मग मधली गॅप भरायला गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी, तिथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ ला छापले आणि १९५६ मध्ये फेरपाहणी आली. आपल्या आजोबांचं नाव त्यात मिळणार नाही, पण ते ज्या गर्दीत होते ती गर्दी दिसते.

त्याही मागे जायचं असेल तर पेशवे दफ्तर (पेशव्यांचे सरकारी कागद) नाहीतर भारत इतिहास संशोधक मंडळ. पेशवाईत कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर होता, त्यामुळे हिशेबात धंदे येतात. पण सगळं मोडी लिपीत, आणि रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) उघडला की दहा मिनिटांत माणूस हताश होतो. आधी मोडीचा क्लास करा नाहीतर जाणकाराला पैसे देऊन वाचून घ्या, आणि खरं सांगू, तीन पिढ्या नीट लागल्याशिवाय तिकडे फिरकूच नका, लोक थेट शिवकाळात उडी मारतात आणि आजोबांच्या आईचं नाव माहीत नसतं.

ज्ञाती संस्थांकडे जा. आळंदी-पंढरपूरच्या धर्मशाळेतल्या देणगीदारांच्या फरशा वाचा, नाव, गाव, रक्कम, साल सगळं कोरलेलं असतं. जुन्या गणेश मंडळांच्या स्मरणिका, नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जिथे आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की खापरपणजोबांची सही निघू शकते. कागदी, म्हणजे हातकागद बनवणाऱ्या मुस्लिम घराण्यातले असाल तर मशिदीची जमात आणि कब्रस्तानच्या नोंदी, आणि शिवाजीनगरची हातकागद संस्था बघून या, ती १९४० ची, म्हणजे कागदीपुऱ्याशी थेट नातं नाही, पण हौदातून साचा कसा उचलतात ते डोळ्यांनी दिसतं.

पुरानंतर घर कुठे हललं तेही धरा. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, पर्वती दर्शन, या पूरग्रस्त वसाहती. तिथल्या सोसायट्यांच्या कागदात मूळ पेठेतला पत्ता मिळू शकतो, आणि शेजार बऱ्याचदा जुन्या आळीचाच उचलून आलेला असतो, त्यामुळे शेजारच्या काकू तुमच्या आजीला लहानपणापासून ओळखत असतात.

कुंभारांपैकी बरीच घरं मुंढव्याला केशवनगरात आहेत. पणत्यांच्या सीझनला जाऊ नका, कोणाला वेळ नसतो, दिवाळी झाली की जा. मी गेलो तेव्हा आजीची एक चुलतबहीण भेटली, ऐंशीच्या पुढची, पायरीवर बसून माठ ठोकून बघत होती. मी विचारलं, आवा पुरात गेला ना? ती हसलीच. म्हणाली, "पुरात काय जातोय, आवा तर आधीच बंद. धुराची तक्रार झाली, ॲल्युमिनियम आलं, तुझा आजा गिरणीत चिकटला. आव्याची जागा मोकळी पडली म्हणून तुझी आजी तिथे धुणं धुवायची, नदीला. नदीला गेला म्हणजे नदीच्या बाजूला गेला, धुण्याच्या दगडाला." मग थोडं थांबून म्हणाली, "चाक मात्र पुरातच गेलं. ते आम्ही तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं."

ते चाक त्यांचं होतं हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं.