रोजच्या गाडीला कॉइलओव्हर घेताना काय बघायचं

पोलो, स्विफ्ट असल्या रोज वापरायच्या गाडीला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बरचा एकत्र सेट) टाकायचे असतील तर गाडी किती खाली बसते हे आधी बघू नका, खाली बसल्यावर शॉकला हलायला किती जागा उरते ते विचारा. स्वस्त सेटमध्ये उंची कमी करायला फक्त स्प्रिंगची खालची प्लेट फिरवतात, त्यात शॉकचा ट्रॅव्हल, म्हणजे हलायची जागा, खाल्ला जातो आणि आपल्याकडचा एखादा बिनरंगवलेला स्पीडब्रेकर आला की शॉक थेट बंप स्टॉपवर (हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यावर) आदळतो, तो दणका पार मणक्यात जातो. त्यापेक्षा ज्यात शॉकचा खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो तो सेट घ्या, कारण त्यात स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) न बदलता उंची कमी होते.

डँपिंगचे, म्हणजे शॉकची हालचाल किती आवरायची याचे, ३२ क्लिक (नॉबचे टप्पे) बघून भुलू नका. बऱ्याच सेटमध्ये एकाच नॉबने रिबाउंड (शॉक परत उघडतानाचं डँपिंग) आणि कंप्रेशन (दबतानाचं) दोन्ही बदलतं, रोजच्या वापराला तेवढं पुरतं. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही१ सेटमध्ये तर डँपिंग कारखान्यातूनच ठरलेलं येतं आणि रस्त्यावरच्या गाडीला मला ते अजिबात वाईट वाटत नाही. स्प्रिंग रेट (स्प्रिंग किती कडक आहे) मात्र नक्की विचारा, ट्रॅकसाठीचा कडक सेट खड्ड्यांत टायर रस्त्याला टेकूच देत नाही.

उंची मोजताना हबच्या (चाकाच्या) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरच्या हवेने फरक पडत नाही. बसवल्यावर अलाइनमेंट हवंच, नाहीतर टायर आतून झिजतात. पावसाळ्यानंतर शॉकवरचे थ्रेड (आटे) ब्रशने साफ करा, चिखल सुकला की कॉलर (उंची बदलायची फिरती रिंग) जाम होते.