१९४४ ची विलीज जीप आणि सहा व्होल्टचं दुखणं (माझा अनुभव)

अमळनेरला आमच्या खळ्यात आजोबांनी मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली १९४४ ची विलीज एमबी आहे, दुसऱ्या महायुद्धातली, तिला परत रस्त्यावर आणायचं कधीचं डोक्यात होतं. इंजिन उघडून झालं, कार्बोरेटर साफ झाला, पण सेल्फ मारला की नुसतं घर्र... घर्र... आणि बंद. नवी बॅटरी टाकली, सेल्फच्या मोटरचं आर्मेचर (आतली फिरणारी तांब्याची गुंडाळी) भरून आणलं, तरी तेच. धुळ्याचा एक मेकॅनिक म्हणे सरळ १२ व्होल्ट करून टाका, मला नाही पटलं, ही गाडी मूळची सहा व्होल्टची, तशीच राहायला पाहिजे.

मग गल्लीतले बॅटरीवाले काका आले, सेल्फ मारून लगेच केबलला हात लावला तर चटका बसला. "भो, तार बारीक शे." बरोबरच होतं, तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टवर करंट दुप्पट लागतो आणि कोणीतरी हल्लीच्या गाडीची बारीक केबल टाकून ठेवलेली. वेल्डिंगची जाड तांब्याची केबल आणली, अर्थिंगच्या (बॅटरीची एक तार गाडीच्या लोखंडाला जोडतात त्या) बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड काढलं, रंगावर अर्थ नीट धरत नाही हे लक्षात ठेवा.

सकाळी पायाने सेल्फ दाबला आणि चारही सिलेंडर एकदम लागले, आई तव्यावरची कळण्याची भाकर तशीच सोडून बाहेर पळत आली.