लांबच्या बोट रेसला कडक भाकरी नेताय? मग हे वाचा

सोलापूरचं कुणी ओशन रेसला, म्हणजे शिडाच्या बोटीनं महासागर पार करायच्या शर्यतीला, निघालं की घरचे पहिलं कडक भाकरी न् शेंगाचटणीच बांधून देणार, द्या की ओ, पण डबा भरून नको. बोटीवर चार-चार तासांच्या पाळ्या, खायचं ते फ्रीझ-ड्राय (गोठवून सुकवलेल्या) जेवणाच्या पाकिटात गरम पाणी ओतून, आणि दमट हवेत उघडी भाकरी लगेच मऊ पडते. म्हणून एका दिवसाची एकच पुडी, दोन झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून. भाकरी घरीच चुरून न्या, वाटीतल्या गरम डाळीत टाकली की मस्त भिजते. चटणीत मीठ निम्मंच, तिथं गोडं पाणी समुद्राचंच मशीनने काढतात, तहान परवडत नाही.